माऊस कुणाच्या हाती?
तुमसर तालुक्यात, आंबागडकडे, रोवणीला चिखलात वाकलेल्या दिसतात त्या बायाच. पण धान बाजारात गेलं की सौदा करतात पुरुष! आता मुली कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकताहेत, हे छानच. मात्र वर्गात गटाने प्रकल्प करताना बऱ्याचदा काय होतं? संगणकावर हिशेब मुलगे मांडतात आणि सुवाच्य अक्षरात फाइल लिहितात मुली. म्हणजे पुन्हा रोवणीच की! २०१६ पासून ‘ई-नाम’वर शेतमालाचा लिलाव ऑनलाइन होतो. तिथे सौदा करायचा तर सराव वर्गातच हवा. म्हणून शिक्षकांनी गटातली कामं आळीपाळीने द्यावीत. आणि मैत्रिणींनो, घरातला मोबाइल लेकीच्याही हाती द्या. धानाचा भाव तिलाही कळू दे!