राजीनामा दिला, हक्क नव्हे

वरिष्ठाच्या जाचास कंटाळून राजीनामा देणारा नोकर बहुधा एका भ्रमात असतो: आपण होऊन नोकरी सोडली, आता मागावयाचे ते काय? हा भ्रम मालकांनीच पोसला आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते झाले पाहिजे. दहा किंवा अधिक नोकरांच्या आस्थापनेत पाच वर्षे अखंड सेवा झाली असेल, तर ग्रॅच्युइटीही त्याचीच. मग तो चांगली नोकरी मिळाली म्हणून गेलेला असो की अपमान सोसवेना म्हणून. दरमहा वेतन २६,००० रुपये आणि सेवा सात वर्षे, तर ती १,०५,००० रुपये भरते. ही धन्याची बक्षिसी नव्हे! भविष्यनिर्वाह निधी तर आपल्याच नावावरचा.

मात्र रागाच्या भरात नोटिशीची मुदत मोडून चालते होऊ नका. पैसे कापण्यास साहेबास तेवढेच निमित्त हवे असते. ‘खाजगी कारणास्तव’ असे लिहा, म्हणून तो गोडीने सांगेल. जाच झाला असेल तर तोच तारीखवार लिहा व पोच घ्या. आणि ‘माझे काही येणे नाही’ या कागदावर रक्कम हाती पडण्यापूर्वी सही करू नका.