दिव्यावरची काळी पट्टी

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ सालची लूट आठवते. गेल्या डिसेंबरात मी मावशीकडे उधन्याला गेलो होतो, तेव्हा काका हसत म्हणाले, "महाराजांनी सुरतेतले सावकार लुटले, आता गॅरेजवाले आम्हाला लुटतात." निमित्त होते त्यांच्या जुन्या मोटारीतील एका पिवळ्या दिव्याचे.

हल्लीच्या पुष्कळ मोटारींत चाकांतील हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा असते. हवा कमी झाली की चालकासमोर घोड्याच्या नालेसारखे चित्र व त्यात उद्गारचिन्ह असलेला दिवा लागतो. काकांच्या गाडीत हा दिवा रोज गाडी सुरू करताच मिनिटभर लुकलुके आणि मग पेटून राही. एका गॅरेजवाल्याने काहीही न तपासता चारही सेन्सर बदलायला सांगितले. खर्च ऐकून काका परतले. दुसऱ्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. काका खूष!

चार दिवसांनी आम्ही लग्नासाठी नंदुरबारला निघालो. सोनगढला चहासाठी थांबलो, तेव्हा मागचे डावे चाक बसल्यासारखे दिसले. पंक्चरवाल्याने मोजले तर ३३ पौंडांऐवजी १९ पौंड हवा! चाकात खिळा होता. हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, तापतात आणि वेगात टायर फुटू शकतो. मागच्या सीटवर माझी दोन मावसभावंडे झोपलेली होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

परत आल्यावर तिसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पाहिले. तीन चाकांचे आकडे आले, पुढच्या उजव्या चाकाचा आलाच नाही. त्या सेन्सरची बॅटरी संपली होती. तो एक बदलला आणि दिवा विझला. म्हणजे बिघाड एका चाकात होता व धोका दुसऱ्याच चाकात. बिघाडामुळे दिवा आधीच पेटलेला असल्याने खऱ्या धोक्याला वेगळे बोलायला जागाच उरली नव्हती. पट्टी नसती, तरीही आम्हाला ते कळले नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, बिघडलेला इशारा हा इशारा नसण्यापेक्षाही वाईट. तो झाकायचा नसतो, वेळीच दुरुस्त करायचा असतो.

ही दुरुस्ती काही गूढ विद्या नव्हे. तिला क्रम मात्र हवा. प्रथम गाडी थंड असताना गेजने चारही चाके मोजावीत व चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावीत. तापमान साडेपाच-सहा अंश उतरले की सुमारे एक पौंड दाब कमी होतो. म्हणून दुपारी तापलेल्या चाकात भरलेली हवा हिवाळ्याच्या पहाटे कमी भरते. दिवा सरळ पेटून राहिला तर बहुधा हवा कमी आहे, आधी लुकलुकला तर बहुधा यंत्रणेत दोष आहे.

यंत्रणाही दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन जास्त फिरते, ते ब्रेकच्या यंत्रणेवरून ओळखले जाते. तिथे हवा भरल्यावर पुन्हा नोंद करून द्यावी लागते, ती न केल्यास दिवा उगाच लागतो. दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्हपाशी सेन्सर असून त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. पंक्चर काढताना पहारीने तो फुटू शकतो, म्हणून 'आत सेन्सर आहे' हे आधीच सांगावे.

पहिल्या गॅरेजवाल्याची बाजूही मांडली पाहिजे. चारही सेन्सर एकाच वयाचे असतात. एक गेला की बाकीचेही पुढेमागे जाणार. परंतु हे गिऱ्हाइकाला सांगून निर्णय त्याच्यावर सोडणे निराळे आणि न तपासता बिल करणे निराळे. वाणिज्य शाखेत आम्हाला व्हाउचर पाहिल्याखेरीज नोंद खरी मानू नये असे शिकवतात. गिऱ्हाइकानेही प्रत्येक चाकाचा आकडा मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अमेरिकेत टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा आली. आपल्याकडे २०२० साली नियमात बदल होऊन, ट्यूबविरहित टायर, ही यंत्रणा व दुरुस्तीचे साहित्य असल्यास साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालते असे ठरले. म्हणजे स्टेपनीचा भरवसा आता या दिव्यावर टाकला आहे. मग विक्रेत्याने गाडी देताना त्याची भाषा समजावून सांगणे, हे त्याचे कर्तव्य नव्हे काय?

मित्रहो, आपणही चोर्ला आणि आंबोली घाटांतून सहलीला जातो. निघण्यापूर्वी पाच मिनिटे चाकांना द्या. काकांनी पट्टी काढून टाकली आहे आणि गेज गाडीतच ठेवला आहे. लुटीचा विनोद मात्र ते आता करीत नाहीत. आपले अज्ञान आपल्याला अधिक लुटत होते, हे त्यांना सोनगढला कळले.