त्वचेचे आरोग्य आणि ताटातील डाळ

त्वचेच्या आरोग्याचा विषय निघाला की सुशिक्षित मध्यमवर्गाचे लक्ष सहसा मलमे, साबण व उटणी यांच्याकडे वळते. जाहिरातींनी गेल्या पन्नास वर्षांत हे वळण इतके पक्के केले आहे की, कातडी ही बाहेरून लेप देऊन राखावयाची वस्तू आहे, अशी समजूत सार्वत्रिक झाली आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातील गोरेपणाचा उल्लेख वगळला. परंतु नाव बदलले म्हणून मूळची समजूत बदलली असे झाले नाही. वस्तुतः त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. तिचा वरचा थर साधारणपणे चार आठवड्यांत नवा होतो आणि या अखंड नूतनीकरणाला लागणारा सर्व माल रक्तावाटे, म्हणजे अखेरीस ताटातून येतो. ताटात काय येते हे मात्र स्वयंपाकघराइतकेच मजुरी, बाजारभाव आणि शासकीय धोरण ठरवीत असते. त्वचेचा प्रश्न अशा रीतीने सौंदर्यशास्त्राच्या कक्षेतून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो.

या विधानाची सत्यता पटवून देणारा सर्वांत बोलका दाखला पेलाग्रा अथवा वल्कचर्म या रोगाचा आहे. उन्हाला उघडे राहणारे हात, पाय व मान यांची कातडी प्रथम लाल होते, मग काळवंडते, जाड होऊन सोलू लागते. गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. पाठोपाठ अतिसार आणि बुद्धिभ्रम येतात आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली या रोगाचे वर्णन केले, तेव्हाच तो मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत आढळतो हे त्याच्या ध्यानात आले होते. मक्याची मायभूमी असलेल्या मेक्सिकोत मात्र हा रोग क्वचितच दिसे. कारण तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वापरण्याची जुनी पद्धत होती आणि त्यामुळे धान्यात बद्ध असलेले नियासिन हे जीवनसत्त्व मोकळे होई. युरोपने मका नेला, चुन्याचे पाणी नेले नाही. पीक एका देशातून दुसऱ्या देशात जाते, पण त्याच्याबरोबरचे पाकशास्त्र मागे राहते, तेव्हा काय होते याचे हे उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने थैमान मांडले. तो संसर्गजन्य असावा, असे तेथील बहुसंख्य वैद्यांचे मत होते. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टराने ते मत खोडून काढले. मिसिसिपीतील अनाथालयांत मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व शेंगवर्गीय धान्ये वाढविताच रोग नाहीसा झाला; उलट, १९१५ साली त्याच राज्यातील एका तुरुंगाच्या शेतावर स्वेच्छेने प्रयोगास तयार झालेल्या कैद्यांना मका, तांदूळ, साखर अशा पदार्थांवर ठेवले, तेव्हा अकरांपैकी सहा जणांत रोगाची चिन्हे प्रकट झाली. तरीही शंका फिटेनात, म्हणून १९१६ मध्ये गोल्डबर्गरने स्वतःवर, सहकाऱ्यांवर आणि पत्नीवरही रोग्यांच्या रक्ताचे प्रयोग केले. कोणालाही रोग झाला नाही.

परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचे वाटावे असे काम पुढे आहे. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन गोल्डबर्गरने १९१६ पासून दक्षिण कॅरोलिनातील कापडगिरण्यांच्या वस्त्यांची घरोघर पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढत जाई, तसतसे रोगाचे प्रमाण उतरत जाई, हे आकड्यांनिशी सिद्ध झाले. त्याहून मार्मिक निष्कर्ष असा होता की, सारखेच उत्पन्न असलेल्या दोन वस्त्यांतही रोगाचे प्रमाण भिन्न असू शकते. ज्या वस्तीच्या आसपास भाजीपाला व दूधदुभते पिकविणारे शेतकरी होते आणि ताजा माल वर्षभर विकावयास येई, ती वस्ती बचावली. ज्या वस्तीच्या चहूबाजूंना केवळ कापूस होता, तेथे हाती पैसा असूनही घेण्यासारखे काही नव्हते. रोगाचे मूळ मजुरीत होते, तसेच ते एकाच नगदी पिकावर बेतलेल्या शेतीतही होते. ज्या द्रव्याच्या अभावी हे घडत होते, ते निकोटिनिक अम्ल म्हणजेच नियासिन होय, हे कॉनरॅड एल्व्हेहेम याने १९३७ मध्ये दाखवून दिले. याचा अर्थ असा की, जीवनसत्त्वाचे नाव कळण्याच्या वीस वर्षे आधी त्याच्या अभावाची सामाजिक कारणे समाजासमोर मांडली गेली होती.

ही कथा दूरदेशीची म्हणून बाजूस सारता येणार नाही. दख्खनच्या पठारावर मका हे मुख्य अन्न नसतानाही ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा आढळतो, ही गोष्ट हैदराबाद येथील पोषणसंशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी अभ्यासली आणि १९६० साली जगापुढे मांडली. ज्वारीतील प्रथिनांत ल्युसिन या घटकाचे आधिक्य असल्याने शरीरातील नियासिनच्या व्यवहारात बिघाड होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या यंत्रणेच्या तपशिलाविषयी पुढे संशोधकांत मतभेद झाले. परंतु जवळजवळ केवळ ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांना हा धोका असतो, हे निरीक्षण अबाधित राहिले.

येथे एका गैरसमजाचे निराकरण अवश्य करावयास हवे. दोष ज्वारीचा नाही. दोष एकट्या ज्वारीचा आहे. सोलापूर, मराठवाडा व कर्नाटकाचा उत्तर भाग येथे शतकानुशतके ज्वारीची भाकरी खाल्ली गेली. पण ती कोरडी कधी खाल्ली गेली नाही. तिच्यासोबत शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची वा कारळ्याची चटणी होती, हरभऱ्याच्या पिठाचे पिठले होते, तुरीची आमटी होती, अंबाडी-मेथीची भाजी आणि ताकाचा पेला होता. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत दहा-बारा मिलिग्रॅम नियासिन असते. डाळी, दूध व अंडी यांतील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असते आणि साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर सुमारे एक मिलिग्रॅम नियासिन तयार करू शकते. म्हणजे ज्वारीत जी उणीव होती, ती तिच्या शेजारच्या पदार्थांनी भरून काढली होती. पिठले-भाकरी हे गरिबीचे जेवण म्हणून हिणवले जाते. वास्तविक पिठले असेतो ती गरिबी सुसह्य असते. पिठल्याची जागा मीठ-मिरची घेते, तेव्हा कातडी बोलू लागते.

हाच न्याय तेलालाही लागू आहे. जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये असे दाखविले की, स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी होते. लिनोलेइक अम्ल हे शरीराला स्वतः बनविता येत नाही आणि त्वचेतील पाणी राखून ठेवणारी भिंत त्यावाचून उभी राहत नाही, हे त्यातून निष्पन्न झाले. कुपोषित मुलांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर बेडकाच्या पाठीसारखे जे खरखरीत काटे दिसतात, त्यामागील कारणांत आवश्यक स्निग्धाम्लांची व काही जीवनसत्त्वांची उणीव प्रमुख मानली जाते. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात हे अम्ल सुमारे पंचाहत्तर टक्के असते, तिळाच्या तेलात चाळीस टक्क्यांच्या आसपास. पामतेलात मात्र ते अवघे दहा टक्के. महाराष्ट्र हा करडईचा प्रदेश होता. गेल्या चार दशकांत हे पीक आक्रसत गेले, सोयाबीनचा विस्तार झाला आणि देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करू लागला; त्या आयातीत सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. दक्षिण कॅरोलिनातील गिरणवस्त्यांभोवतीचा कापूस आठवावा, असाच हा प्रकार आहे.

आता डाळींचे आकडे पाहू. देशात दरडोई दररोज उपलब्ध होणाऱ्या डाळी १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होत्या. १९७१ मध्ये त्या ५१ ग्रॅमवर आणि २००१ मध्ये ३० ग्रॅमवर आल्या. २०११ मध्ये हा आकडा ४३ ग्रॅमपर्यंत सावरला, तरी अर्धशतकापूर्वीची पातळी गाठली गेली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी सुचविलेल्या आदर्श ताटात डाळी व मांस-अंडी मिळून सुमारे ८५ ग्रॅम अपेक्षित आहेत. शिवाय उपलब्धतेची सरासरी ही श्रीमंत व गरीब यांच्या ताटांना एकत्र मोजते, हे विसरून चालणार नाही. हरितक्रांतीने गहू-तांदळाची कोठारे भरली, ही तिची थोरवी निर्विवाद आहे. परंतु हमीभाव व खरेदी यांचे सारे बळ या दोन धान्यांमागे उभे राहिल्याने कोरडवाहू डाळी व तेलबिया दुय्यम ठरल्या, ही तिची उणी बाजूही तितकीच खरी आहे.

शिधावाटपाची व्यवस्था याच साच्यात घडली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्याला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. भुकेविरुद्ध ही मोठी ढाल आहे. पण पाच किलो धान्य पोट भरण्यास साहाय्य करते. त्वचा, रक्त व स्नायू घडविण्यास ते अपुरे पडते. डाळ व तेल शिधादुकानातून देणे अव्यवहार्य आहे, हा आक्षेप अनुभवाने टिकत नाही. तमिळनाडू व हिमाचल प्रदेश या राज्यांनी २००७ पासून सवलतीच्या दरात डाळ व तेल देण्याची योजना राबविली. महाराष्ट्रातही २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभऱ्याची डाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा संच शिधापत्रिकाधारकांना देण्यात आला. म्हणजे यंत्रणा आहे. उणीव आहे ती सणासुदीचा कार्यक्रम बारमाही करण्याच्या निश्चयाची.

धान्यातच जीवनसत्त्वे मिसळावीत, असा एक पर्याय सुचविला जातो. १९४० च्या दशकात अमेरिकेने पिठात नियासिन मिसळले आणि त्याचा उपयोगही झाला. भारतातही २०२१ मध्ये पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली. त्यात लोह, फॉलिक अम्ल व ब-१२ यांचा समावेश होता. असे उपाय सर्वस्वी त्याज्य नाहीत. परंतु एकेका द्रव्याची भर घालण्याने एकेकच उणीव भरते. डाळीच्या वाटीत प्रथिने, नियासिन, जस्त व लोह हे सारे एकत्र येते आणि तिच्या मागणीने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसाही जातो. हा दुसरा लाभ गोळीतून व पुडीतून मिळत नाही.

शाळेतील मध्यान्ह भोजनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी काढून घेतला. जी अंडी खात नाहीत, त्या मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की वा केळे देता येते. वादाला फारसे कारण नाही. पण वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातील हा एक पदार्थच काटकसरीसाठी प्रथम दिसावा, हे शासनाच्या अग्रक्रमांविषयी पुरेसे बोलके आहे.

अर्थात आहाराने त्वचेचे सर्वच रोग बरे होतात, असा दावा कोणी करू नये. खरूज, नायटा, सोरायसिस, कोड यांना वैद्यकीय उपचारच हवेत. मासे व दूध एकत्र खाल्ल्याने कोड उठते, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. तिने रोग्याला उगाच अपराधी मात्र ठरविले आहे. त्याचप्रमाणे ज्या घरात चौरस आहार आहे, तेथे जीवनसत्त्वांच्या महागड्या गोळ्यांनी कांती उजळेल, ही आशाही व्यर्थ होय. आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला, गाजर, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर डाळ यांत त्वचेला लागणारे बहुतेक सर्व काही आहे. यांतील आवळा व शेवगा अनेक गावांत आजही परसात असतो. शेंगदाणे व डाळ यांना मात्र पैसा मोजावा लागतो, आणि नेमके तेथेच मजुराचे ताट अडते.

आज शहरात ज्वारी हे आरोग्यदायी धान्य म्हणून गव्हाहून चढ्या भावाने विकले जाते आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीचा हा सन्मान स्वागतार्ह आहे. परंतु सन्मान एकट्या ज्वारीचा होऊन भागणार नाही. तिच्या शेजारची डाळ, चटणी व तेल यांनाही धोरणात स्थान मिळाले पाहिजे. शिधापत्रिकेवर दरमहा किलोभर डाळ, करडई-तीळ-भुईमुगाला खरेदीचा भक्कम आधार आणि शाळेच्या ताटात अंडे वा शेंगदाणे, एवढ्या तीन गोष्टी राज्याच्या अंदाजपत्रकाला न पेलणाऱ्या नाहीत. गोल्डबर्गर व सिडेनस्ट्रिकर यांनी शंभर वर्षांपूर्वी मजुराच्या हातावरील चट्ट्यांत त्याच्या मिळकतीचा आणि भोवतालच्या शेतीचा हिशेब वाचला. तो वाचण्याची दृष्टी अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना लाभली, तर त्वचेच्या आरोग्यासाठी सामान्य माणसाला मलमांच्या दुकानाची पायरी चढण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतील.