लाईट गेली तर दोघांची!

मंडळी, ‘रोड रॅश’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मी पैजेवर सांगतो. सायबर कॅफेचं कोंदट केबिन, एका कीबोर्डवर दोघांचे चार हात आणि चालत्या बाइकवरून लाथ घालून समोरच्याला आडवं केल्यावर झालेला जल्लोष. बरोबर? म्हणजे तुम्ही १९९६ ची पीसीवरची आवृत्ती खेळलात. साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी, चकाचक व्हिडिओ, सगळा थाटमाट असलेली. पण दोस्तहो, ते या घराण्यातलं बरंच धाकटं पोर. थोरला १९९१ चा, त्याच्या पाठचा १९९२ चा. दोघंही सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचे आणि दोघंही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचे. आजचा वाद या दोन भावांमधला.

माझा निकाल आधीच देऊन टाकतो. एकटे असाल तर पहिला. दोघं असाल तर दुसरा, आणि तिथे चर्चाच नको!

मेगा ड्राइव्ह आपल्याकडे अधिकृतपणे आणला तो शॉ वॉलेसने, १९९५ च्या सुमारास. हो, तीच दारूवाली शॉ वॉलेस. किंमत १८,००० रुपयांच्या घरात. आमच्या भिवंडीत तेवढ्या पैशांत कुणी टीव्हीला जोडायचं खेळणं आणेल, ही कल्पनाच हास्यास्पद होती. आमच्या नशिबी ‘सामुराई’ नाहीतर ‘मीडिया’, आणि वर लाखभर गेम्स लिहिलेली पण आत जेमतेम वीस निघणारी ती पिवळी कॅसेट. तिच्यातल्या रोड फायटरच्या लाल गाडीवर आमचं बालपण गेलं. खरा मेगा ड्राइव्ह गल्लीत आला २००४ मध्ये, तोही जुना झाल्यावर. शेजारच्या मित्राचे मामू दुबईला होते. त्यांच्या बॅगेतून अत्तर, टँग आणि चॉकलेटं यांच्याबरोबर तो काळा डबा उतरला. सोबत दोन कॅसेटी, रोड रॅश आणि रोड रॅश टू. तोवर जगात प्लेस्टेशन टू धो धो विकला जात होता, पण आम्हाला काय त्याचं!

पहिल्या भागात रस्ते पाच, आणि पाचही कॅलिफोर्नियातले. सिएरा नेवाडा, पॅसिफिक कोस्ट, रेडवुड फॉरेस्ट, पाम डेझर्ट आणि ग्रास व्हॅली. प्रत्येक रस्त्यावर पहिल्या चारांत यायचं. पाचही रस्ते पार झाले की पुढची लेव्हल. रस्ते तेच, पण आता लांब, आणि बरोबरचे जास्त खुनशी. हत्यार एकच, दांडका. तोही तुमच्याकडे नसतो. ज्याच्याकडे आहे तो तुमच्यावर उगारतो, तेव्हा नेमक्या क्षणी ठोसा मारून हिसकावून घ्यायचा. क्षण चुकला की तोच दांडका तुमच्या डोक्यात. त्यामुळे दांडका हातात आला की माणूस एकदम श्रीमंत झाल्यासारखा वागायला लागतो.

पण पहिल्या भागाची खरी गंमत मारामारीत नाही, हिशेबात आहे. जिंकलात की बक्षिसाची रक्कम. तिच्यातून साठवून साठवून नवी बाइक घ्यायची. शुरिकेन ४०० पासून सुरुवात, आणि स्वप्न डियाब्लो १००० चं. मधल्या काळात गाडी आपटली, पुन्हा आपटली, पार मोडली की दुरुस्तीचं बिल. पोलिसाच्या आसपास पडलात आणि त्याने धरलं की दंड. आणि बिल किंवा दंड भरायला खिशात पैसे नसतील तर? खेळ खल्लास. शर्यत हरून फारसं बिघडत नाही, पुन्हा पळता येतं. पैसे संपले की मात्र संपलात.

आता हे भिवंडीतल्या पोराला वेगळं समजावून सांगावं लागतं का? आमच्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस लूम खटखटायचे. दुसऱ्याचं सूत घेऊन मीटरमागे मजुरीवर कापड विणून द्यायचं, हा निम्म्या गल्लीचा धंदा. एखादा भाग तुटला, कारागीर गावाला गेला, व्यापाऱ्याने पेमेंट लटकवलं, की घरात सगळ्यांचे आवाज हळू व्हायचे. माझा मित्र अशाच घरातला. तो गाडी चालवायचा तीही त्या हिशेबाने. डियाब्लोइतके पैसे जमले तरी घ्यायचा नाही. ‘रिपेरिंगचे ठेवू दे पहिले,’ म्हणायचा. मी जमतील तेव्हा उडवायचो. (ईएमआयवाल्या वाचकांनो, तुम्ही कुठल्या पार्टीत, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

मग दुसरा भाग. कॅलिफोर्निया सोडून अलास्का, हवाई, टेनेसी, ॲरिझोना, व्हरमाँट. दांडक्याच्या जोडीला साखळी. महागड्या बाइकना नायट्रो, म्हणजे ॲक्सिलरेटर पटकन दोनदा दाबला की गाडी सुसाट सुटणार. आणि सगळ्यात वरची बाइक कुठली, तर वाइल्ड थिंग २०००! कागदावर सगळं जास्तच. पण एकटे खेळायला बसलात तर थोड्या वेळाने जाणवतं, की अरे, हा तोच रस्ता आहे, फक्त कडेचा पडदा बदललाय. बर्फ काय, ताडाची झाडं काय, चढउतार आणि वळणं अंगात भिनलेलीच. नायट्रोने तर माझ्या मते थोडं नुकसानच केलं. पहिल्या भागात पुढच्या गाडीला गाठायचं म्हणजे वळणामागून वळण घासत जायचं. इथे बटण दाबा, झालं काम. शॉर्टकट मिळाला की मेहनतीची किंमत जाते, हे ऑफिसात अप्रेझलच्या दिवसांत आपण पाहतोच.

संगीतातही मला थोरला भाऊच उजवा वाटतो. त्याच्या संगीतात रॉब हबर्डचा हात आहे. कमोडोर ६४ च्या जमान्यातला तो बाप माणूस. सिएरा नेवाडाची धून आजही कानात बसते ती बसतेच.

तरी दुसरा भाग का हवा? कारण मधली ती एक रेघ.

पहिल्या भागात दोघांनी खेळायचं म्हणजे आळीपाळीने. तू पळ, मी बघतो. मग मी पळतो, तू बघ. नावाला टू-प्लेअर, प्रत्यक्षात एकजण खेळतो आणि दुसरा मनातल्या मनात शिव्या घालतो. वर ते दिवस लोडशेडिंगचे. राज्यभर विजेची बोंब, आणि आमच्याकडे लूम थांबल्याची अचानक शांतता हीच लाईट गेल्याची खूण. माझी शर्यत संपली, मित्राने रिमोट हातात घेतला, आणि खटखट बंद! पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असायचा म्हणा, पण त्याची पाळी गेली ती गेलीच. तीन तासांनी लाईट आली की पाळी कुणाची, यावरून जे भांडण व्हायचं, ते मिटवायला खालाला लाटणं घेऊन यावं लागायचं. (खऱ्या अर्थाने रोड रॅश!)

दुसऱ्या भागाने पडदा आडवा कापला. वर एक, खाली एक. दोघं एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, बाकीच्या गुंडांसकट. किंवा ‘मॅनो ए मॅनो’ निवडा. मग रस्त्यावर फक्त तुम्ही दोघं, तिसरं कुणी नाही. आमचा टीव्ही चौदा इंची. त्याचा अर्धा म्हणजे पोस्टकार्डाएवढी पट्टी, तीही झटके खात हलणारी. समोरून येणारी कार अंगावर आल्यावरच कळायची. पण त्या पट्टीत साखळी मारली की शेजारी बसलेला खरोखर ‘आई गं’ म्हणायचा, आणि ते कॉम्प्युटरने चालवलेल्या कुठल्याही गुंडाकडून मिळत नाही. पाळीचं भांडण कायमचं मिटलं. लाईट गेली तर दोघांची गेली. मग अंधारात गच्चीवर जायचं, आणि कोण पुढे होतं यावर पुन्हा लाईट येईपर्यंत वाद.

त्या घरातले लूम आता नाहीत. तिथे पार्सलांचं गोदाम आहे आणि मित्र दुसऱ्याच एका गोदामात डिस्पॅच बघतो, रांजणोली नाक्याच्या पुढे. पैसे मात्र अजून तसेच ठेवतो, रिपेरिंगचे आधी. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा काल्हेर ते अंजूरफाटा तासभर लागला. कंटेनर, टेम्पो आणि मधूनच उलट दिशेने येणारे बाइकवाले. दांडका तेवढा नव्हता हातात.

तुम्हाला खेळायचेच असतील, तर जुन्या कन्सोलशिवायही एक वाट आहे. २००६ मध्ये पीएसपीसाठी ‘ईए रिप्ले’ नावाचा संग्रह आला होता. त्यात हे दोन्ही भाग आहेत, तिसराही आहे. पहिला रविवारी दुपारी एकट्याने खेळा, आणि पहिल्याच लेव्हलला सगळे पैसे बाइकवर उडवू नका. दुसऱ्यासाठी मात्र खरा मेगा ड्राइव्ह, दोन रिमोट आणि आपल्याहून थोडा कंजूष मित्र शोधा. वरचा अर्धा पडदा त्याला द्या. खालचा घेणाऱ्याला स्वतःची गाडी सांभाळता सांभाळता वरच्याची फजिती जास्त नीट दिसते.