सुधाकरची सनद आणि आपली केटी

‘एकच प्याला’ हे दारूबंदीचं नाटक आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. (कॉन्व्हेंटवाली मुलगी गडकऱ्यांवर मत देते म्हणून हसू नका! शाळेत आमच्या वाट्याला शेक्सपिअर आला, गडकरी या पीएलमध्ये वाचले. भाषा जड आहे, चार-पाच वेळा आईला फोन करून अर्थ विचारावे लागले.) नाटकात दारू आहे, भरपूर आहे. पण माझ्या मते हे नाटक ‘एकच’ या शब्दाबद्दल आहे.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले होते. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी सुधाकर मला आपल्याच कॉलेजातला वाटतो. हुशार वकील, मानी, थोडा तापट. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सनद रद्द होते. किती दिवस? सहा महिने! म्हणजे आपलं एक सेमिस्टर. कायमची गेलेली नाही, घरी बसून काढता आले असते. पण अपमान गिळवत नाही, आणि तेवढ्यात त्याचा कारकून तळीराम सुचवतो की घोटभर घ्या, विसराल.

तळीरामला सगळे खलनायक म्हणतात. मला वाटतं तो फक्त निमित्त आहे. त्याच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश वाचताना हसून पुरेवाट होते. तिथे प्रत्येकाकडे पिण्याचं एक भारदस्त कारण आहे, अगदी रात्री दोनच्या हॉस्टेलमधल्या गप्पांसारखं. पण सुधाकरला फसवतो तो सुधाकरच. आणि इथेच गडकरी ग्रेट आहेत, त्यांनी त्याला मूर्ख नाही दाखवलं. स्टेजवरचा सर्वात हुशार माणूस तोच. वकील ना, स्वतःविरुद्धची प्रत्येक केस तो स्वतःच लढतो आणि जिंकतो. बुद्धी जास्त असली की कारणंही चांगली सुचतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

सारसोळे गावात खोली घेऊन राहणारा एक सीनियर होता. थर्ड इयरला एक केटी लागली. घरी सांगितलं नाही, कारण एकच होती, पुढच्या सेमला निघणारच होती. मग दोन झाल्या. मग वर्ष गेलं. एका दुपारी त्याचे वडील साताऱ्याहून न कळवता आले आणि गेटवर वॉचमनकाकांना विचारू लागले, फायनल इयरचे वर्ग कुठे भरतात? मुलगा तेव्हा सारसोळे जेट्टीवर बसला होता, आणि फायनल इयरला तो नव्हताच. नंतर लोक त्याला खोटारडा म्हणाले. मी म्हणते, घरच्यांच्या आधी तो स्वतःला तेच सांगत होता, आणि त्यावर त्याचा खरंच विश्वास होता. प्रत्येक वेळचं ‘एकच’ सुटं मोजलं तर बरोबरच असतं. बेरीज कोणी करत नाही.

नाटकात आणखी एक माणूस आहे ज्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. रामलाल. सुधाकरचा सज्जन, निर्व्यसनी मित्र, उपदेश करणारा. शरद नावाच्या बालविधवेला तो शिकवतो, मुलीसारखी मानतो. भगीरथाचं तिच्यावर प्रेम आहे म्हटल्यावर मात्र हा बिथरतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपल्या मनातली माया काही वडिलांची नव्हती. एक थेंब न पिता चढलेली! फरक एवढाच की तो थांबतो.

सर, मॅडम, रागावू नका, पण जर्नलचं काय? वर्षानुवर्षं तीच रीडिंग्ज, तोच ग्राफ. आम्ही उतरवतो, तुम्ही सही करता, आणि दोघेही मानतो की प्रॅक्टिकल झालं. ‘यंदा वेळ कमी पडला’ हे दरवर्षीचंच. असो.

राहिली सिंधू. नवऱ्याच्या काठीने तिचं बाळ जातं, ती स्वतः मरणाला टेकते, आणि तरी फौजदाराला सांगते की पडल्यामुळे लागलं. यावरून आमच्या मेसच्या टेबलावर जोरदार भांडण झालं. मी म्हणाले, ती खोटं बोलते पण स्वतःला फसवत नाही. आपण काय करतोय ते तिला नीट माहीत आहे. अख्ख्या नाटकात तिच्याइतके डोळे उघडे कोणाचेच नाहीत. माझी रूममेट म्हणाली, डोळे उघडे असते तर लोकांची दळणं दळत त्या घरात थांबलीच नसती. ‘आज ना उद्या सुधारतील’ हा तिचा रोजचा प्याला होता. मला उत्तर सुचलं नाही. वाशीच्या भावे नाट्यगृहात कधी प्रयोग लागला तर आम्ही दोघी जाणार आहोत, शेजारी-शेजारी बसून भांडायला.