रोगांचा हिशेब कोणी ठेवावा?

२०२० च्या महामारीने जे अनेक शब्द घराघरांत नेऊन पोचविले, त्यांत ‘साथरोगशास्त्र’ हा एक होय. तोवर हा विषय वैद्यकीय महाविद्यालयांच्या भिंतींपलीकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. आज सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘एम. पी. एच.’, घेऊन त्यात साथरोगशास्त्राचा विशेष अभ्यास करावा असे अनेक तरुण-तरुणींना वाटते. त्यांत डॉक्टर असतात, तसेच दंतवैद्य, परिचारिका, आयुर्वेदाचे पदवीधर आणि समाजशास्त्राचे विद्यार्थीही असतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु या पदवीसंबंधीची चर्चा प्रवेश, शुल्क आणि परदेशातील संधी यांच्यापुढे सहसा जात नाही. हे ज्ञान कोणाच्या कामी यावे आणि ते मिळविलेल्या माणसाला समाज कोठे उभे करणार, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

साथरोगशास्त्र हे नाव वस्तुतः अपुरे आहे. हे शास्त्र केवळ साथींचा विचार करीत नाही. कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू, कापसावर फवारणी करताना होणारी विषबाधा, खाणकामगारांची फुप्फुसे, या साऱ्यांचा हिशेब ते ठेवते. दवाखान्यातील डॉक्टरसमोर जो रोगी येतो, तोच त्याला दिसतो. हे शास्त्र जो आला नाही त्याची विचारपूस करते. शंभर रोगी दवाखान्यात आले एवढ्याने काहीच कळत नाही. ते किती लोकसंख्येतून आले, कोणत्या वस्तीतून आले, आणि कोणत्या वस्तीतून एकही आला नाही, हे कळले म्हणजे त्या शंभराला अर्थ येतो. शाळेतील अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर अंश सगळेच पाहतात. छेद शोधून काढणे हे या शास्त्राचे काम. आणि या देशात छेदातच गरीब माणूस दडलेला असतो.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रुग्णालयांची दप्तरे कितीही चाळली असती, तरी हे दुःख त्यांत सापडले नसते. कारण त्या स्त्रिया दप्तरापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

म्हणूनच या शास्त्राचे राजकारणाशी असलेले नाते जुने आहे. १८४८ साली अप्पर सायलेशियात टायफसची साथ पसरली, तेव्हा प्रशियाच्या सरकारने तरुण रुडॉल्फ फिरखो यास चौकशीसाठी धाडले. त्याच्या अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि संपूर्ण लोकशाही यांचीच मागणी ठळक होती. रोगाचे मूळ शोधीत गेलेला माणूस दारिद्र्यापाशी आणि दारिद्र्याचे मूळ शोधीत गेलेला माणूस सत्तेपाशी येऊन पोचतो, हे त्याने दाखवून दिले.

सत्तेच्या हाती मात्र हेच काम गेले म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा संमत केला आणि पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमोंद याने कराचीत दाखविले ते १८९८ साली. म्हणजे रोग कसा पसरतो हे पुरते ठाऊक नसतानाच माणसांना घराबाहेर ओढले जात होते. ज्ञान अपुरे आणि दंडा मात्र पुरेपूर, अशी ती अवस्था होती. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. साथीला सामोरे जाण्याचे दोन मार्ग पुण्याने एकाच वर्षी पाहिले. १८९७ चा तो कायदा २०२० सालीही वापरण्यात आला; सावित्रीबाईंच्या मार्गाची शासकीय व्यवस्था मात्र अद्याप उभी राहावयाची आहे.

या विषयाच्या शिक्षणाची सोय देशात नव्हती असे नव्हे. कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था १९३२ साली स्थापन झाली. भोर समितीने १९४६ च्या अहवालात रोगनिवारणाला रोगोपचाराइतकेच महत्त्व दिले आणि समाजाचा डॉक्टर घडविण्याची कल्पना मांडली. प्रत्यक्षात वैद्यकीय महाविद्यालयांतून हा विषय परीक्षेपुरता उरला. एम. पी. एच. हा अभ्यासक्रम देशात प्रथम १९९७ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सुरू झाला. त्यानंतर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ अशी त्याची वाट रुंदावत गेली आणि खासगी विद्यापीठेही मागे राहिली नाहीत.

या पदवीने काय साधू शकते, हे महाराष्ट्राला अन्यत्र जाऊन शिकण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ही पदवी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतली आणि १९७० साली जामखेडला काम आरंभिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही तेथेच ती घेतली आणि ते गडचिरोलीस परतले. तेथील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकविण्यात आले. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी तुलनेतील गावांच्या हिशेबाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ‘आशा’ सेविकांमार्फत घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारण्यात आला. तुलनेची ४७ गावे नसती, तर हे सारे दोन सहृदय डॉक्टरांची सेवा म्हणून गौरविले गेले असते आणि विसरलेही गेले असते. मोजणीमुळे त्या सेवेचे धोरण झाले.

परंतु त्यागी जोडप्यांच्या भरवशावर राज्याचे आरोग्य चालविणे ही समाजवादी दृष्टी नव्हे. त्यागाला वंदन करून व्यवस्थेची मागणी केली पाहिजे. आज एम. पी. एच. झालेल्या तरुणापुढे कोणती वाट आहे? खासगी विद्यापीठात लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडल्यावर त्याला बहुधा एखाद्या प्रकल्पावर नोकरी मिळते. प्रकल्पाला पैसा देणाऱ्याला ज्या रोगात रस, तोच रोग तो मोजतो. पैसा संपला की मोजणीही संपते. शासनाच्या रोगसर्वेक्षण यंत्रणेतही साथरोगतज्ज्ञांच्या अनेक नेमणुका कंत्राटी असतात.

हा केवळ नोकरदारांच्या हिताचा प्रश्न नाही. जिल्ह्यात मृत्यू किती झाले हे सांगणाऱ्या माणसावर ते कमी दाखविण्याचे दडपण येते, हे सांगावयास नको. ज्याच्या कराराचे नूतनीकरण वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने अप्रिय आकडा निर्भयपणे पुढे ठेवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. न्यायाधीशाला पदाची शाश्वती असते ती न्यायासाठी. रोगांचा हिशेब ठेवणाऱ्याला ती असावी, सत्यासाठी.

या सत्याची किंमत महामारीने दाखवून दिली. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. सरकारी नोंदीतील कोविड-मृत्यू सुमारे ४.८ लाख होते. सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पुढे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या आकड्यांनुसार २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, तर २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. या वाढीतील काही भाग नोंदणी सुधारल्यामुळे असेल, हे मान्य. तो किती, हे ठरविणे हेच तर साथरोगशास्त्राचे काम. पण २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. जेथे मृत्यूचे कारण लिहिलेच जात नाही, तेथे वाद पुराव्याने मिटत नाहीत; ज्याचा आवाज मोठा, त्याचा आकडा खरा ठरतो. आणि ज्या घरातला कर्ता माणूस गेला, पण ज्याची नोंद ‘कोविड’ म्हणून झाली नाही, त्या घरातल्या विधवेला साहाय्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

“खेड्यात डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, मोजणारे काय करायचे आहेत?” असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, पण डॉक्टर कोठे नाही आणि त्यामुळे कोण मेले, हे मोजल्यावाचून डॉक्टरची मागणी तरी कशाच्या बळावर करायची? मोजलेले दुःखच अंदाजपत्रकात जागा मागू शकते. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आहे, १९३९ पासूनचा स्वतंत्र कायदा आहे आणि आरोग्याधिकाऱ्याने या विषयाचे शिक्षण घेतलेले असावे, असा तेथील दंडक आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात अशा स्वतंत्र संवर्गाची शिफारस केली आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने पुढचे उत्तरदायित्व राज्यांचे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. ही पदवी सार्वजनिक विद्यापीठांत गरिबाला परवडेल अशा शुल्कात मिळावी. परिचारिका, आरोग्यसेवक आणि ‘आशा’ सेविकांच्या पदवीधर मुलामुलींसाठी तीत जागा राखून ठेवाव्यात. कारण ज्यांनी वस्ती पाहिली आहे, त्यांना छेद शोधावा लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात साथरोगतज्ज्ञाचे कायम पद असावे, आणि त्याचा अहवाल कोणाच्याही संमतीची वाट न पाहता लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार त्याला कायद्याने मिळावा. हे होईतो वर्गावर्गांतून साथरोगशास्त्र शिकविले जाईल, पदव्याही वाटल्या जातील. पण मेळघाटातील अर्भकाचा मृत्यू मोजणारे बोट उद्या कामावर असेल की नाही, हे त्या बोटालाच ठाऊक नसेल.