अंगणातले शेवाळ



पाऊस ओसरला, गणपती गेले, नवरात्र तोंडावर आले. या दिवसांत अंगणातल्या फरशीवर, विहिरीच्या पायऱ्यांवर आणि धुण्याच्या दगडाभोवती हिरवे शेवाळ माजलेले असते. रोज पाहून त्याची सवय होते. आमच्याही घरी झाली होती. एके पहाटे सासूबाई तुळशीला पाणी घालायला निघाल्या आणि पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले; पुन्हा त्या काठीवाचून चालल्या नाहीत. शेवाळ काढायला एक सकाळ पुरली असती. तुमच्याकडे असे होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

आधी दगड ओळखावा. काळा पाषाण कठीण. त्याला तारेचा ब्रश सोसतो. कोकणातला जांभा मऊ आणि सच्छिद्र. तारेने त्याचा भुगा निघतो. त्याला माडाच्या हिरांचा खराटा आणि काथ्याचा ब्रशच बरा. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर लिंबाचा रस सांडला तरी डाग पडतो, मग ॲसिड ओतल्यावर काय होईल? वरची गुळगुळीत पापडी जाते, सांध्यांतले सिमेंटही खाल्ले जाते आणि खरखरीत जागी शेवाळ अधिकच धरते.

आता काम. कोरड्या दिवशी खुरप्याच्या टोकाने सांध्यांतले गवत मुळासकट काढावे. मग फरशी ओली करून चाळलेली जाड वाळू भुरभुरावी आणि ब्रशने घासावे. ब्रश बांबूला घट्ट बांधला तर कंबर वाकवावी लागत नाही. निघालेला गाळ घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकावा, विहिरीत जाऊ देऊ नये. पाणी शुद्ध करण्याची टी.सी.एल. पावडर कोणी वापरत असेल, तर ती ॲसिडजवळही नेऊ नये. दोन्ही मिसळली की विषारी वायू सुटतो.

एवढे करूनही शेवाळ परत येत असेल, तर पाणी कुठे साचते ते पाहावे. अंगणाला दर १० फुटांस २ इंच उतार हवा. वर झुकलेली फांदी छाटून ऊन येऊ द्यावे. उन्हाइतका स्वस्त गडी नाही.

शेवटी अवजारे. काम झाल्यावर खुरपे मातीसकट कोपऱ्यात टाकू नये. धुऊन, कोरडे पुसून पात्याला तेलाचा हात द्यावा; लाकडी मुठीला जवसाचे तेल चोळले की ती तडकत नाही. तारेचा ब्रश उन्हात वाळवावा, खराटा खुंटीला टांगावा. खंडेनवमीला आपण नांगर, विळे, खुरपी पुजतो. यंदा त्यांच्या शेजारी खराट्यालाही हळदकुंकू वाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची हाडे तोच सांभाळतो.